मॅशिंगसाठी स्वस्तात कोणतं भांडं घ्यावं? (सांगली) लवकर सांगा

कृष्णाकाठ : मंडळी, विश्रामबागला वन आरकेत राहतो. घरी बिअर करून बघायचीय. मॅशिंग म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) गरम पाण्यात ठेवून गोड पाणी काढायचं, त्याचं इलेक्ट्रिक मशीन घ्यायचं तर महिन्याचा पगार जाईल. स्वस्तात काय जमेल? माल्ट येऊन पडलंय, शनिवारी करायचंच आहे. ‘आधी वाचा’ म्हणू नका, वाचून डोकं फिरलंय.

अजिंक्यतारा : किती लिटर? गॅस की इंडक्शन? माल्ट भरडलेलं की अख्खं?

खमंग तात्या : लग्नात पाण्याचा नळवाला जार असतो बघा, 20 लिटरचा. तो घ्या, आत नळापाशी स्टीलची जाळी बसवा, विषय संपला. तासभर गरम राहतं.

शाळूवाला : बार्लीचं माल्ट कशाला मागवलं? आपल्याकडं शाळू आहे की. भिजवा, मोड आणा, वाळवा. फुकटात काम.

अजिंक्यतारा : शाळूवाले, ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो. ती आधी वेगळी शिजवावी लागते. नवख्याला कशाला त्यात ढकलताय? आणि तात्या, तो जार थंड पाण्याचा. 70 अंशाचं पाणी ओतल्यावर आतलं प्लॅस्टिक टिकेल का?

खमंग तात्या : आमच्याकडं त्यात चहा भरतात. अजून कुणी मेलं नाही.

वकीलकाका : 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात बिअर बनवायला परवाना लागतो. प्यायचं परमिट वेगळं, ते इथं चालत नाही.

कृष्णाकाठ : काका, मी भांडं विचारलं होतं.

वकीलकाका : जप्तीत पहिलं भांडंच जातं.

कृष्णाकाठ : 😑 अजिंक्यतारा, 5 लिटर. गॅस आहे, एकच शेगडी. माल्ट अख्खं आहे, कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणतो.

अजिंक्यतारा : अहो थांबा! पीठ केलंत तर कापडातून थेंब उतरणार नाही. भरडाच हवा, साल शाबूत राहिली पाहिजे. मिक्सरला थोडं थोडं घालून नुसते झटके द्या.

भांडं म्हणाल तर वेगळं काही घेऊच नका. 12 लिटरचं स्टीलचं झाकणवालं पातेलं आणि मलमलची मोठी पिशवी, बस्स. सव्वा किलो माल्टला 8 लिटर पाणी. पाणी 69 अंशाला आणून गॅस बंद, माल्ट घातलं की 66 च्या आसपास येतं. गुठळ्या मोडा, झाकण ठेवा, दोन गोधड्या गुंडाळा, तासभर हात लावू नका. मग पिशवी उचलून निथळू द्या आणि त्याच पातेल्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळा. जार घेतलात तर उकळायला पातेलं लागणारच, मग वन आरकेत दोन धूडं ठेवणार कुठं? पैसे घालायचेच तर चांगल्या थर्मामीटरवर घाला. 75 च्या वर गेलात तर माल्टमधल्या स्टार्चची साखर करणारे एन्झाइम मरतात, मग साखर होत नाही. आणि परवान्याचं काका बोलले ते खरं आहे, ते आधी बघा.

खमंग तात्या : पिशवीनं गाळ राहतो. जारमधून स्वच्छ येतं.

अजिंक्यतारा : 5 लिटरला काय करायचाय स्वच्छपणा?

बेदाणा : तासगावचा बेदाणा स्वस्तात मिळवून देतो, वाइन करा. मॅशिंगची भानगडच नाही.

कृष्णाकाठ : पातेलं ॲल्युमिनियमचं चालेल का? घरात तेच आहे.

अजिंक्यतारा : चालेल. फक्त चिंचेनं घासून लखलखीत करू नका, वरचा काळपट थर राहू दे.

शाळूवाला : शाळूचं कुणी ऐकतच नाही.