टेम्प्लेटची साइट घरी नीट, गिटहब पेजेसवर मोडकी

मांजराकाठ (अंबाजोगाई):
आमच्या भागातल्या मंदिरांवरचं अन् शिलालेखांवरचं लिखाण एका जागी ठेवायला साइट करायलोय. जेकिल (साध्या फायलींतून साइट बनवणारं साधन) याचं तयार टेम्प्लेट फोर्क केलं, म्हणजे आपल्या खात्यात त्याची नक्कल घेतली, अन् त्या रेपोला (फायलींच्या साठ्याला) 'लेख' नाव दिलं. विंडोजवर सगळं झकास. गिटहब पेजेसवर (रेपोतून साइट दाखवायची गिटहबची सोय) चढवलं की रंग-मांडणी गायब, नुसती काळी अक्षरं अन् निळ्या लिंका. फोटो काही येतात, काही नाहीत. आज सकाळचा लेख यादीत येईना. शीर्षकांची शिरोरेघ तुटक दिसायलीय. श्रीलिपीतले (युनिकोडआधीच्या जुन्या फाँटांतले) तीसेक जुने लेखही चढवायचेत. अन् डोमेन (साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता) आत्ताच घ्यावं का?

गोदातीर (नांदेड):
सर, कोडमधली नावं अन् आकडे इथं मराठीत लिहितोय. फायलीत ते इंग्रजीतच टाइप करा.

मांडणी जाते ती बेसयूआरएलमुळं, म्हणजे साइट पत्त्याखालच्या कोणत्या कप्प्यात आहे ते सांगणाऱ्या सेटिंगमुळं. घरी साइट लोकलहोस्ट:४००० च्या मुळाशीच उघडते. गिटहबवर मात्र ती तुमच्या पत्त्याखाली '/लेख/' या कप्प्यात बसते. टेम्प्लेट सीएसएस (रंग-मांडणीची) फाइल मुळाशी शोधतं, तिथं ती नसते, म्हणून ४०४ ('सापडली नाही'). यावर दोन उपाय. कॉन्फिग फाइलीत बेसयूआरएल '/लेख' करा (पुढची तिरकी रेघ हवी, शेवटची नको). नाहीतर रेपोचंच नाव 'युजरनेम.गिटहब.आयओ' ठेवा आणि बेसयूआरएल रिकामं सोडा. वैयक्तिक साइटला दुसरा उपाय बरा, पत्ता आखूड राहतो. तरीही एखादी फाइल येत नसेल तर टेम्प्लेटच्या एचटीएमएलमध्ये '/अ‍ॅसेट्स/…' असा थेट मार्ग लिहिलेला असणार. त्याला रिलेटिव्ह-यूआरएल फिल्टर लावा.

कॉन्फिग बदलली की जेकिल सर्व्ह (घरी साइट दाखवणारी कमांड) बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. बाकी फायलींचे बदल आपोआप घेतो, ही एक फाइल घेत नाही. 'बदल केला तरी काही होईना' म्हणून लोक इथंच तासन्‌तास अडकतात.

त्याच फाइलीत यूआरएल हे खानं वेगळं असतं. तिथं मूळ लेखकाचा पत्ता राहिला तर साइटमॅप आणि फीडमधल्या लिंका त्याच्याकडं जातील. त्याचा अ‍ॅनालिटिक्सचा (वाचक मोजणाऱ्या सेवेचा) क्रमांक पुसा, नाहीतर तुमच्या वाचकांची मोजदाद त्याच्या खात्यावर. फोर्कमध्ये सीनेम नावाची, त्याच्या डोमेनची फाइल आली असेल तर तीही काढा. लायसन्स फाइल मात्र ठेवा.

बालाघाट_बिल्ड (लातूर):
फोटोंचं दुखणं अक्षरांच्या मापाचं. विंडोजला 'देऊळ.जेपीजी' कॅपिटलमध्ये असो की स्मॉलमध्ये, फरक पडत नाही. गिटहबच्या सर्व्हरला पडतो. कॅमेऱ्यातून एक्स्टेन्शन कॅपिटल येतं, लेखात आपण स्मॉल लिहितो. नाव एक्स्प्लोररमधून बदललं तर गिटला ते बहुधा कळतच नाही. 'गिट एमव्ही' ही नाव बदलायची कमांड वापरून आधी भलतंच नाव द्या, मग हवं ते. नावात मोकळी जागा नको.

मोबाइलचे ४-५ एमबीचे फोटो तसेच टाकू नका. १६०० पिक्सेल रुंदी आणि वेबपी (फोटोचा हलका प्रकार) भरपूर झालं. शिलालेखाचं अक्षर वाचायचं असेल तर तेवढा भाग कापून वेगळा द्या. लहान करताना एक्झिफ (फोटोत दडलेली वेळ-ठिकाणाची) माहिती पुसा. घरी काढलेल्या फोटोत घराचं जीपीएस ठिकाण असू शकतं आणि रेपो सगळ्यांना उघडा असतो. साइटवर बायोडेटा टाकलात तर त्यातला मोबाइल नंबर, जन्मतारीख यांचंही तेच: नंतर पुसलं तरी गिटच्या इतिहासात राहतं.

आजचा लेख वेळेच्या गणितात अडकला असावा. लेखाच्या वर सकाळी ९ अशी वेळ लिहिली असेल तर सर्व्हर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे २:३०. तोवर लेख 'भविष्यातला', आणि सेटिंगनुसार जेकिल तो गाळू शकतो. अडीच वाजले तरी तो आपोआप येत नाही, नव्यानं बिल्ड करावं (साइट पुन्हा तयार करावी) लागतं. कॉन्फिगमध्ये टाइमझोन 'आशिया/कोलकाता' लिहा किंवा वेळेपुढं '+०५३०' जोडा. टाइमझोन लिहिल्यावर विंडोजवर एरर आला तर जेमफाइलमध्ये (जेकिलच्या पूरक संचांच्या यादीत) टीझेडइन्फो आणि टीझेडइन्फो-डेटा घाला.

मोडी_ते_युनिकोड (परभणी):
शिरोरेघ लेटर-स्पेसिंगनं (अक्षरांमधल्या जादा जागेनं) तुटते. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून टेम्प्लेटवाले ते घालतात. आपल्याकडं शून्य करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.७ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला चिकटतो. अवतरणांचं इटॅलिक काढा: देवनागरी फाँटला इटॅलिक बहुधा नसतंच, ब्राउझर अक्षरं नुसती वाकडी करतो.

एचटीएमएल टॅगमध्ये लँग 'एमआर' लिहा. फाँटमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श त्यामुळं मिळतात. टिरो देवनागरी मराठी हा फाँट घेतला तर ते वळण मुळातच आहे.

श्रीलिपीचे लेख थेट चिकटवले तर कचरा दिसेल. त्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. फाँटचं नेमकं नाव पाहून त्याचाच कन्व्हर्टर वापरा. मग रफार, 'दऱ्या'तला ऱ्य, अवतरणचिन्हं आणि आकडे डोळ्यांनी तपासा. तीसही एकदम चढवू नका, आधी दोन करून बघा.

फायलींची नावं इंग्रजीत ठेवा. मराठी नाव व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की बऱ्याचदा टक्केवारीच्या चिन्हांची माळ होते.

गोदातीर:
डोमेनची घाई नको. घेतलंत की मूळ नावाला चार ए-रेकॉर्ड (नाव कोणत्या सर्व्हरकडं न्यायचं त्या नोंदी) लागतील: १८५.१९९.१०८.१५३, आणि तिसरा आकडा १०९, ११०, १११ करून आणखी तीन. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम रेकॉर्ड, युजरनेम.गिटहब.आयओकडं. बदल पसरायला २४ तास लागू शकतात.

मांजराकाठ:
रेपोचं नाव बदललं, मांडणी आली! फोटोही आले. पण आता कॉन्फिगमध्ये साइटचं शीर्षक टाकलं तर बिल्डला लाल फुली, 'मॅपिंग व्हॅल्यूज आर नॉट अलाउड' म्हणतंय. शीर्षक आहे, अंबाजोगाई: मंदिरं आणि शिलालेख.

बालाघाट_बिल्ड:
त्यातला विसर्ग नव्हे, कोलन नडतोय. सबंध शीर्षक दुहेरी अवतरणात घाला. लेखांच्या वरच्या शीर्षकांनाही तेच. अन् त्या फाइलीत टॅब नको, स्पेसच.