जुन्या एस्टीमचं पॉवर स्टीअरिंग काढून मॅन्युअल रॅक बसवायचा आहे

चौकोनी_दिवा:
गाडी मारुती एस्टीम व्हीएक्स, १९९८ ची, हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग. पंचवीस वर्षांनी रॅकचं (चाकं वळवणाऱ्या आडव्या दातेरी दांड्याच्या यंत्रणेचं) सील थकलंय, ड्रायव्हरकडच्या रबरी बुटात ऑइल जमतं. वापर बहुतेक हायवेवर, त्यामुळे पॉवर नसलेल्या एस्टीमचा मॅन्युअल रॅक टाकावा असं डोक्यात आहे. गॅरेजवाला म्हणतो, "पंपाचा पट्टा काढा, झालं मॅन्युअल." तसं चालेल का? नसेल तर काय काय बदलावं लागेल?

पिनियन:
पट्टा काढला की मदत जाते, अडथळे मात्र सगळे तसेच राहतात. पॉवर रॅकच्या दांड्यावर पिस्टन असतो आणि दोन्ही बाजूंना ऑइल. पंप बंद असला तरी प्रत्येक वळणाला ते ऑइल बारीक वाटांमधून ढकलावं लागतं, आणि ते तुमचे दंड ढकलतात. शिवाय पॉवर रॅकचं गिअरिंग जलद असतं, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे कमी. मदत असेल तेव्हा हे छान, नसेल तेव्हा जड.

त्याहून वाईट भाग पिनियनच्या वरचा (पिनियन म्हणजे स्टीअरिंगने फिरणारं, रॅकच्या दात्यांत बसणारं छोटं दातेरी चाक). तिथे टॉर्शन बार नावाची बारीक दांडी असते. स्टीअरिंग फिरवलं की ती थोडी पिळते आणि त्या पिळण्यावर व्हॉल्व्ह उघडतो. ऑइलचा दाब नसला की दर वेळी आधी ती पिळते, मग यांत्रिक थांब्याला टेकते आणि मगच चाक वळायला लागतं. हायवेवर हा मधला ढिलेपणा सतत हाताला जाणवतो. तो थांबा पंप बंद पडल्यावर घरी पोचण्यापुरता दिलेला आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

काही जण होज (ऑइलच्या नळ्या) कापून रॅकची तोंडं बोल्टने बंद करतात. आत ऑइल कोंडलं की स्टीअरिंग अडकल्यासारखं होतं, नाहीतर उरलेलं सील फुटतं. टॉर्शन बार वेल्डिंग करून पक्का करणारेही भेटतील. त्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा बिघडतो. स्टीअरिंगच्या भागावर वेल्डिंग म्हणजे नाहीच.

जुनाबाजार:
मग अख्खा मॅन्युअल रॅकच. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना मिळाला, तर पैसे देण्याआधी दुकानातच पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा. रॅक मध्यभागी झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्ये ढिला आणि टोकांना जड लागला तर सोडून द्या. विकणारा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून मधली खडखड घालवून दाखवेल, पण मग टोकांना रॅक जॅम होईल.

बूट काढून दाते बघा. गंजाचे खड्डे असतील तर नको. आतले बॉल जॉइंट हलवून बघा, सहज लटकत असतील तर तेही बदलायचे. रॅकसोबत त्याचे क्लॅम्प, रबरी बुश आणि स्टीअरिंगचा दांडा पिनियनला जोडणारा खालचा कपलिंग जॉइंट त्याच गाडीतून मागून घ्या. दोन रॅकच्या पिनियनची लांबी किंवा स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा) जुळेलच असं धरून चालू नका. हा एक जॉइंट राहिला म्हणून गाडी आठवडाभर जॅकवर उभी राहते.

पिनियन:
+१. आता बसवणं. ऑइल काढा, पंप, टाकी, होज, ब्रॅकेट सगळं उतरवा. टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) सुटा करताना थेट हातोडा नको, पुलर लावा. जुना एंड किती आटे आत होता ते मोजून ठेवा, म्हणजे निदान गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ जाईल.

नवा रॅक आत जाण्याआधी जुनं वाळलेलं ग्रीस पुसून लिथियम ग्रीस भरा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा, निम्मे मागे या, स्टीअरिंग व्हील सरळ ठेवा आणि तेव्हाच कपलिंग घाला. हे चुकलं तर एका बाजूला गाडी कमी वळते आणि लोक अलाइनमेंटला दोष देत बसतात. कपलिंगचा बोल्ट पिनियनवरच्या खाचेतूनच गेला पाहिजे, आणि नवाच वापरा. खाचेबाहेर आवळलेला जॉइंट वर सरकून सुटू शकतो. टाय रॉडच्या नटात कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून आडवी घालायची पिन) भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळा, ढिला करून जुळवू नका.

चौकोनी_दिवा:
पट्टा आणि वायरिंगचं काय? आणि पार्किंगमध्ये किती जड जाईल?

पट्टा_४पीके:
पंपाला स्वतंत्र पट्टा असेल तर तो काढून मोकळे व्हा. एसीसोबत एकच असेल तर पंप गेल्यावर पट्ट्याची वाट बदलते. पुल्यांभोवती दोरी गुंडाळून लांबी मोजा आणि पट्टा ताणणारा टेन्शनर मधल्या जागी असताना बसेल असा पट्टा घ्या. पट्ट्यावर ४पीके ८४५ असं लिहिलेलं असतं: ४ रिब, ८४५ मिमी लांबी. एसीच्या पुलीला पट्टा पुरेसा लपेटला जात नसेल तर मोकळी फिरणारी जास्तीची आयडलर पुली लागेल, नाहीतर उन्हाळ्यात किंचाळेल. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंपाजवळ प्रेशर स्विच असतो, स्टीअरिंग पूर्ण वळवलं की तो आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वाढवतो. तो बहुधा एरवी उघडा असतो, म्हणून कनेक्टर मोकळा ठेवून टेप लावा. जोडून टाकलात तर आयडल कायम चढलेलं राहील.

जडपणा बराचसा टायरवर. ही गाडी जेमतेम पावणेनऊशे किलोची, १७५ (मिमी रुंदी) च्या टायरवर मॅन्युअल रॅक सहज पेलतो. १८५ किंवा १९५ चढवले असतील तर आधी ते उतरवा. गाडी हलत असतानाच स्टीअरिंग फिरवायची सवय लावा. लहान व्यासाचं स्पोर्टी व्हील लावणार असाल तर माझ्याकडे रडायला येऊ नका.

सील_किट:
उलटं बोलतो. बुटात ऑइल आहे म्हणजे रॅकचं सील, हे खरं. पण पंप आवाज करत नसेल आणि दांड्याचा क्रोम गुळगुळीत असेल, तर सील किटने काम होतं. दांड्यावर नखाला लागेल असा ओरखडा किंवा गंज असेल तरच नवं सील दोन महिन्यांत जातं. घरात दुसरं कुणी गाडी चालवणार असेल तर मी पॉवर ठेवेन.

पिनियन:
मान्य, बूट सरकवून दांडा आधी बघाच.

हे वाचून दुसऱ्या गाड्यांवर प्रयोग करणाऱ्यांसाठी: एअरबॅग असेल तर व्हीलमागच्या क्लॉक स्प्रिंगचे (एअरबॅगला वीज पोचवणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीचे) फेरे ठरलेले असतात. मॅन्युअल रॅकचे फेरे जास्त, त्यामुळे ती पट्टी तुटून एअरबॅग निकामी होते. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगचा फ्यूज काढणं हाही उपाय नाही, मोटरचा वर्म गिअर तसाच ओढत राहतो. बदल केल्यावर इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं पासिंग जवळ आलं असेल तर अलाइनमेंटची पावती सोबत ठेवा.

चौकोनी_दिवा:
आत्ताच बूट सरकवला. दांड्याला डाव्या टोकाकडे गंजाचे तीन ठिपके, नखाला लागतात. रॅक शोधायला निघतो.

जुनाबाजार:
टॉर्च न्या. आणि कपलिंग विसरू नका.