नवऱ्याने तारण ठेवलेलं घर बँक विकणार आहे, बायको म्हणून मला थांबवता येईल का?

सायली_७
फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. धंद्यासाठी तो तारण ठेवून लोन काढलं, मला तेव्हा फक्त "बँकेची माणसं व्हॅल्युएशनला येतील, चहा ठेव" एवढंच सांगितलं. हप्ते थकले, खातं एनपीए म्हणजे बँकेच्या लेखी थकीत झालं, ६० दिवसांची नोटीस आली ती त्याने कपाटात दाबून ठेवली आणि आता दारावर ताबा नोटीस चिकटवून गेलेत, मुलं शाळेतून आली तर त्यांनीच आधी वाचली. मी लोनच्या एकाही कागदावर सही केलेली नाही. लोकं म्हणतात डीव्ही ॲक्टखाली (घरगुती हिंसाचाराचा कायदा) बायकोला घराबाहेर काढता येत नाही, स्टे मिळेल. खरंच मिळतो का? की सिव्हिल कोर्टात जाऊ?

काळा_कोट
ताई, सिव्हिल कोर्टात वेळ घालवू नका, सरफेसी कायद्याच्या (बँकांना कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा कायदा) कलम ३४ मुळे ते दार बंद आहे. डीव्ही ॲक्ट २००५ चं कलम १७ राहत्या घरात राहायचा हक्क देतं हे खरं, घर कोणाच्याही नावावर असो, पण तो हक्क नवऱ्याविरुद्ध आणि सासरच्यांविरुद्ध चालतो, बँकेचं तारण त्याने सुटत नाही. तरी कलम १९ वाचा, त्यात कोर्ट नवऱ्याला तुमच्यासाठी दुसरं घर किंवा भाडं द्यायला लावू शकतं, आणि मुलं लहान असतील तर हे आधीच मागून ठेवलेलं बरं.

बँकेला अडवायचं तर डीआरटी, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण. सरफेसीच्या कलम १७ खाली फक्त कर्जदारच नाही, बँकेच्या कारवाईने ज्याचं नुकसान होतं अशी कुठलीही व्यक्ती अर्ज करू शकते, म्हणजे तुम्ही स्वतःच्या नावाने जाऊ शकता. मुदत ४५ दिवस. दारावर नोटीस लागली म्हणजे नुसता सिम्बॉलिक म्हणजे कागदोपत्री ताबा, पण तेवढ्यावरही अर्ज करता येतो, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय, त्यामुळे पोलीस घेऊन कोणी दारात येईपर्यंत थांबू नका. मात्र "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर डीआरटी काही देत नाही, बँकेने कुठे नियम मोडला ते दाखवावं लागतं. ताबा नोटीस दोन पेपरात आली का, त्यातला एक मराठी होता का, विक्रीआधी ३० दिवसांची नोटीस दिली का, व्हॅल्युएशन फारच कमी धरलंय का, हे बघा.

वसुलीतला_माणूस
बँकेत वसुली खात्यात होतो म्हणून सांगतो, सगळ्यात आधी फ्लॅटचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा) काढा. ॲग्रीमेंटमध्ये तुमचं नाव असेल आणि तारणावर सही फक्त नवऱ्याची, तर तुमचा हिस्सा तारण गेलेलाच नाही आणि मग पूर्ण केस बदलते.

दुसरं म्हणजे पैसे भरून घर सोडवायची वेळ. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात पेपरात यायच्या आधीच पूर्ण थकबाकी भरावी लागते, लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन गेलात तर हक्क म्हणून काही मागता येत नाही. ओटीएसचा (एकरकमी तडजोडीचा) अर्ज आत्ताच लेखी द्या, बँक हो म्हणेलच असं नाही पण जाहिरातीआधी बोलणी सोपी जातात. आणि कृपा करून, ओटीएसच्या वेळी "मॅडम, गॅरंटर म्हणून एक सही" असं कोणी म्हणालं तर करू नका!! आज बँकेला तुमच्याकडून एक रुपया मागता येत नाही, सही केली की घर विकून उरलेलं कर्जही तुमच्या डोक्यावर.

सायली_७
इंडेक्स टू बघितला, नाव एकट्याचंच आहे 😞 पण घर घेताना माझे माहेरचे दागिने मोडले होते आणि बरेच हप्ते माझ्या पगारातून गेलेत, त्याचं काही?

काळा_कोट
त्यावरून बँकेपुढे मालकी सिद्ध होणं अवघड. पण दागिने स्त्रीधन, त्याची भरपाई नवऱ्याकडे मागता येते, डीव्हीच्या अर्जातच मागा. सोनाराची पावती आणि पगार खात्याचं स्टेटमेंट बाहेर काढा. लिलावात बँकेचं येणं आणि खर्च वजा जाऊन पैसे उरले तर ते नवऱ्याला परत जातात, ते त्याने परस्पर उडवू नयेत म्हणून कोर्टाकडून मनाई मागता येते. दारावरच्या नोटीसचा तारखेसकट फोटो काढलाय ना? ४५ दिवस मोजताना तीच तारीख बघतील, या आठवड्यात वकील गाठा.