मदत हवी आहे: याणच्या वाटेवर मुलांना चुनखडक कसा शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. जानेवारीत सातवीच्या २८ मुलांना याणला, म्हणजे उत्तर कन्नडमधल्या चुनखडकाच्या उंच सुळक्यांकडं, न्यायचं घाटतंय. मागच्या खेपेला मुलांनी भैरवेश्वर शिखरापुढं फोटो काढले, डबे खाल्ले आणि परतीला गाडीत अंताक्षरी. मी काय सांगितलं ते कुणाच्या कानात शिरलंच नाही. यंदा पायवाटेवर पाच-सहा ठिकाणी थांबत, दगडाला हात लावून बघत न्यायचंय.

अडचण अशी की आमच्या पोरांना दगड ठाऊक ते दोनच, जांभा आणि काळा फत्तर. पाण्यात विरघळणारा दगड असतो म्हटलं की हसतात. म्हणून परवा वर्गात खडूचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकला. "बघा हं, आता फेस येतो." कुठला फेस! खडू नुसता भिजून बसला. मागच्या बाकावरनं आवाज आला, "बाई, दगड झोपलाय." पुढं तासाचं काय झालं ते विचारू नका.

तर खडूनं दगा का दिला? आणि पानाला लावतो तो चुना पांढराशुभ्र, मग १२० मीटरचा भैरवेश्वर आणि ९० मीटरची मोहिनी काळीकुट्ट कशी? हे मुलं विचारणारच. शिवाय एका पालकांचं म्हणणं, इतकं लांब कशाला, गोकाकला न्या. दुसरे म्हणतात, आपल्याच तालुक्यातल्या बारापेडे गुहा दाखवा. काय करू?

प्रतिसाद १

खडूवर रागावू नका ओ बाई. हल्लीचा फळ्यावरचा खडू बहुतेक जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. फेस येतो तो कॅल्शियम कार्बोनेटला, चुनखडक त्याचाच असतो. अंड्याचं टरफल नाहीतर तिसऱ्यांच्या शिंपल्या टाकून बघा.

याणला व्हिनेगरचं काम पाऊस करतो, फक्त फार सावकाश. हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की ते किंचित आंबट होतं. ते फटीत शिरतं, फट रुंदावते, मग आणखी पाणी शिरतं. हे उभ्या सुळक्यांपुढं भाषण करून सांगू नका. आत गुहेत शिवलिंगावर छतातनं पाणी ठिबकतं, तिथं पाच मिनिटं पोरांना गप्प बसवा आणि विचारा, हे पाणी येताना वाटेत काय काय विरघळवत आलं असेल?

काळ्या रंगाचं म्हणाल तर पावसात भिजणाऱ्या चुनखडकावर नीलहरित शैवाल आणि दगडफुलाचा थर चढतो, उन्हाळ्यात तो वाळून काळा दिसतो. शाळेची कंपाउंडची भिंत दाखवा. खानापुरातल्या पोरांना वेगळं सांगायला नको.

प्रतिसाद २

गोकाकला जरूर जा, पण वेगळ्या सहलीला. तिथं घटप्रभा नदी ५२ मीटर खाली कोसळते ती वालुकाश्मावरनं. तो झिजतो, तुटतो, चुनखडकासारखा विरघळत नाही. दोन्ही एकाच धड्यात घातलंत तर पोरं गोंधळतील.

बारापेडेचं मात्र डोक्यातनं काढून टाका. भीमगड अभयारण्य आहे ते, आणि त्या गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. नंतर कित्येक दशकं जगात ते फक्त इथंच माहीत होतं. २८ पोरांचा कालवा त्याला कशाला?

प्रतिसाद ३

थोडं अवांतर. दगड विरघळून झालेल्या अशा भूरूपाला 'कार्स्ट' म्हणतात, ते नाव स्लोव्हेनिया-इटलीच्या सीमेवरच्या पठाराचं. स्लोव्हेनियात क्रास, इटलीत कार्सो, जर्मनमध्ये कार्स्ट. एकाच जागेला तीन भाषांत तीन नावं, हे आपल्या सीमाभागातल्या पोरांना लगेच कळेल! तिथं श्कोत्सियानला रेका नदी जमिनीखाली गडप होते आणि इटलीत तिमावो म्हणून पुन्हा वर येते. खचलेल्या खड्ड्यांच्या काठानं दोनेक किलोमीटरची शैक्षणिक पायवाटही आहे. एका थांब्यावर एकच गोष्ट दाखवा, बाकी पोरं स्वतः शोधतात.

एक काळजी घ्या. याणच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. आरडाओरडा नको, अत्तर-सेंट नको, धूर तर मुळीच नको. 'सोक्किद्दवनिगे याण, रोक्किद्दवनिगे गोकर्ण' ही कानडी म्हण गाडीत सांगा. सोक्कु म्हणजे मस्ती, रोक्क म्हणजे आपली रोकड; मस्ती असेल त्यानं याणला जावं, रोकड असेल त्यानं गोकर्णला. अंताक्षरीआधी तेवढं होऊन जाईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. गोकाक पुढच्या वर्षी, बारापेडे रद्द, पालकांना तसं कळवलं. आज टरफल टाकलं आणि बुडबुडे आले. मागचा बाक म्हणाला, "जागा झाला बाई!"

आता एवढंच सांगा, मुलांना चालायला कुमठ्याकडची वाट बरी की शिरसीकडची? आमच्यात एका मुलाला पायऱ्या चढायला त्रास होतो. त्याला मागं ठेवून जायचं नाहीये.