कबड्डी शिकवतो, पण पोरांच्या सेफ्टीचं मला कोणी शिकवलंच नाही

मातीवरचा_कोच:
तालुक्याच्या गावात संध्याकाळी कबड्डी घेतो, तीसेक पोरं, त्यात अकरा मुली. मागच्या महिन्यात पकडीत एक मुलगी डोक्यावर आपटली, मी नेहमीसारखं तोंडावर पाणी मारलं, पाच मिनिटं बसवलं आणि परत आत घेतलं. घरी गेल्यावर तिला दोनदा उलटी झाली. आता बरी आहे पण माझी झोप उडालीय. माझ्या कोर्समध्ये चढाई, पकड, फिटनेस सगळं झालं, हे नाही झालं. त्यात एक कर्णबधिर मुलगा आलाय त्याला शिट्टी ऐकू येत नाही, आणि मुलींचे पालक विचारतात बाहेरगावच्या मॅचला सोबत कोण जाणार. हे सगळं शिकायचं कुठे?

फिजिओ_नाशिक:
सर, डोकं आपटल्यावर दुखतंय, गरगरतंय, पोरगं गोंधळल्यासारखं बोलतंय, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी परत खेळवायचंच नाही, मग फायनल का असेना. उलट्या, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा फिट आली तर थेट १०८. मानेला मार वाटला तर उचलून बाजूला नेऊ नका. "काही नाही झालं, ऊठ" ही सवय मोडायला मलाही वेळ लागला. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, व्हिडिओ बघून येत नाही, मिनिटाला १०० ते १२० दाब हा वेग पुतळ्यावर हात ठेवल्यावरच कळतो. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग करून घ्या.

खोखोवाली_ताई:
दादा, पालक बरोबरच विचारतायत. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा (२०१२), प्रत्येक कोचला माहीत पाहिजे, १८ च्या आतली मुलगी असो की मुलगा. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, क्लबमध्ये बसून मिटवायचा विषयच नाही. मी खेळत होते तेव्हा एका कॅम्पला असं मिटवलेलं पाहिलंय, ती मुलगी परत मैदानावर आलीच नाही. आमच्याकडे पकड-ढकल काही दाखवायचं तर हात कुठे लावणार ते आधी सांगतो आणि सगळ्यांसमोरच दाखवतो, पोरांना एकेकट्याला मेसेज नाही, ग्रुपमध्ये पालक असतात, आणि बाई मॅनेजर नसेल तर टीम बाहेरगावी जात नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर रंगवलाय. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र द्या, आमच्याकडे तिथल्या मॅडम येऊन दोन तास बोलून गेल्या.

मल्लखांबप्रेमी:
कर्णबधिर मुलासाठी शिट्टीसोबत झेंडा हलवा, कर्णबधिरांच्या फुटबॉलमध्ये रेफरी तेच करतात. दमाचं, म्हणजे एका श्वासात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं, त्याचं काय करायचं ते त्यालाच विचारा, सरावात एक हात वर धरून चढाई करू दे, हात खाली आला की दम गेला. उदय देशपांडे सरांनी (२०२४ ची पद्मश्री) अंध मुलांना मल्लखांब शिकवलाय, मग झेंडा दाखवणं काय अवघड आहे.

मातीवरचा_कोच:
सगळ्यांचे आभार. उद्या त्या मुलीच्या वडिलांना भेटून चुकलं म्हणून सांगतो, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तिला आत घेत नाही. ताई, भिंतीवरचा फोटो टाका ना.