१९७२ चा तो झेल: ‘इमॅक्युलेट रिसेप्शन’ हे नाव योग्य आहे का?

प्रश्न: उत्तरवारा

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली खेळी म्हणून २३ डिसेंबर १९७२ रोजी पिट्सबर्गच्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये फ्रँको हॅरिसने घेतलेल्या झेलाचे नाव बहुतेक वेळा पुढे येते. ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ (निष्कलंक गर्भसंभव) या कॅथलिक श्रद्धेच्या नावावर श्लेष करून त्याला ‘इमॅक्युलेट रिसेप्शन’, म्हणजे निष्कलंक झेल, म्हणतात. ज्यांना तो प्रसंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओकलंड रेडर्स ७-६ असे आघाडीवर होते, २२ सेकंद उरले होते आणि पिट्सबर्ग स्टीलर्सचा तो चौथा, म्हणजे अखेरचा प्रयत्न होता. टेरी ब्रॅडशॉने पकडू पाहणाऱ्यांना चुकवत चेंडू लांब फेकला. तो आपल्याच संघातील जॉन फुकापर्यंत पोहोचत असतानाच रेडर्सचा जॅक टेटम फुकावर वेगाने येऊन आदळला आणि चेंडू उलट दिशेने कित्येक यार्ड मागे उडाला. तो जमिनीला टेकणार इतक्यात धावत आलेल्या हॅरिसने बुटांच्या उंचीवर तो अलगद उचलला आणि डाव्या कडेने पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेऊन गुण मिळवले. सामना स्टीलर्सने १३-७ असा जिंकला.

वादाचे मूळ त्या काळच्या नियमात आहे. फेकलेला चेंडू आक्रमण करणाऱ्या संघाच्या एका खेळाडूला लागला, तर मध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय त्याच संघाच्या दुसऱ्या खेळाडूला तो झेलता येत नसे. चेंडू टेटमला लागला असेल तर झेल वैध, केवळ फुकाला लागला असेल तर अवैध. आपला चेंडूला स्पर्श झालाच नाही, असे टेटमचे म्हणणे होते. फुकाने मात्र खरे काय ते आपल्यालाच ठाऊक असल्याचे सांगत ते गुपितच ठेवले. अशा खेळीला ‘निष्कलंक’ म्हणणारे नाव देणे म्हणजे निकाल आधीच लावून मोकळे होणे नव्हे काय? रेडर्सचे लोक तिला ‘इमॅक्युलेट डिसेप्शन’, म्हणजे निष्कलंक फसवणूक, म्हणतात. ज्याला दोन्ही संघांशी देणेघेणे नाही अशा प्रेक्षकाने कोणते नाव वापरावे? माझे मत ‘फ्रँकोचा झेल’ अशा साध्या नावाकडे झुकते.

उत्तर १: तीन नद्यांकाठी

मी पिट्सबर्गमध्ये राहतो, तेव्हा माझा कल कुठे आहे ते उघड आहे. तरीही मुद्दा केवळ आपुलकीचा नाही. हे नाव कोणा जाहिरातवाल्याने बसून तयार केलेले नाही. सामन्यानंतर मद्यालयात जल्लोष करणाऱ्या चाहत्यांपैकी एकाला ते सुचले, त्याच्या मैत्रिणीने त्या रात्री मायरन कोप या क्रीडा-समालोचकाला दूरध्वनी करून ते कळवले आणि कोपने रात्रीच्या बातम्यांत ते उच्चारले. तेव्हापासून ते कोणी बदलू शकलेले नाही. स्टीलर्स हा संघ १९३३ मध्ये स्थापन झाला आणि त्या दिवसापर्यंत त्याने बाद फेरीतील एकही सामना जिंकला नव्हता. शिवाय स्थानिक प्रक्षेपण बंद असल्यामुळे शहरातील लोकांना घरी बसून हा सामना पाहताही आला नाही. स्वतः मालक आर्ट रूनी पराभव गृहीत धरून खेळाडूंचे सांत्वन करायला लिफ्टने खाली निघाले होते, त्यामुळे तो झेल त्यांच्याही नजरेतून निसटला. चाळीस वर्षे रिकाम्या हातांनी परतणाऱ्या, कॅथलिक वस्ती मोठी असलेल्या या शहराला नाताळच्या दोन दिवस आधी असे काही मिळाले, तर त्याच्या तोंडी श्रद्धेचीच भाषा येणार. नियमपुस्तकाचा दाखला म्हणून ते नाव कोणी ठेवले नव्हते.

उत्तर २: आगाशीकर

वसईच्या ख्रिस्ती कुटुंबात वाढल्यामुळे एक खुलासा करावासा वाटतो. ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’चा संबंध येशूच्या जन्माशी आहे असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात मरियेचा स्वतःचा गर्भसंभव आदिपापाच्या डागाविना झाला, अशी ती श्रद्धा आहे आणि तिचा सण ८ डिसेंबरला असतो. पणजीचे पायऱ्यांचे प्रसिद्ध चर्च याच नावाचे आहे. तेव्हा या विशेषणाचा गाभा डाग नसणे हाच आहे, नुसता चमत्कार नव्हे. त्या अर्थाने मूळ प्रश्नकर्त्याची हरकत अधिकच बळकट होते, असे मला वाटते.

उत्तर ३: चौथा डाउन

‘डिसेप्शन’ हे नाव मात्र मला पूर्णपणे अन्यायाचे वाटते. फसवणूक म्हणायची तर कोणाचा तरी तसा हेतू हवा. हॅरिसचे काम ब्रॅडशॉला संरक्षण देण्याचे होते. पास गेल्यावर तो उभा न राहता चेंडूच्या दिशेने धावला, एवढेच त्याने केले. पंच फ्रेड स्वेरिंजन यांनीही हातवारे करण्यापूर्वी सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि मैदानालगतच्या दूरध्वनीवरून प्रेसबॉक्समधील पंचप्रमुखांशी बोलून मगच टचडाउनचा निर्णय दिला. यात फसवले कोणी आणि कोणाला?

याउलट १० सप्टेंबर १९७८ चा सॅन दिएगोतील सामना आठवा. १० सेकंद उरले असताना रेडर्सच्या केन स्टेबलरने पकडले जाता जाता चेंडू पुढे घरंगळू दिला, पीट बॅनझॅकने तो आणखी पुढे ढकलला, डेव्ह कॅस्परने लाथेने लोटत गोलक्षेत्रात नेऊन त्यावर अंग टाकले आणि रेडर्स २१-२० असे जिंकले. चेंडू आपण मुद्दाम सोडला, हे स्टेबलरने पुढे स्वतःच मान्य केले. रेडर्सचे चाहते त्या खेळीला ‘होली रोलर’ म्हणतात. सॅन दिएगो चार्जर्सचे चाहते तिला काय म्हणतात ठाऊक आहे? ‘इमॅक्युलेट डिसेप्शन’! १९७२ मध्ये ३० यार्ड धावून रेडर्सला ७-६ अशी आघाडी मिळवून देणाराही हाच स्टेबलर होता. हे नाव कोणत्या तरी एका खेळीला शोभत असेल, तर ते १९७८ च्या खेळीला.

प्रश्नकर्ता: उत्तरवारा

‘डिसेप्शन’विषयीचा आपला युक्तिवाद मला पटला आणि ते नाव मी बाजूला ठेवतो. मात्र एका नावाचा अन्याय सिद्ध झाला म्हणून दुसऱ्याचा न्याय आपोआप सिद्ध होत नाही. १९७४ च्या बाद फेरीत रेडर्सच्या क्लॅरेन्स डेव्हिसने मायामीच्या खेळाडूंच्या गराड्यात झेललेल्या पासला ‘सी ऑफ हँड्स’, म्हणजे हातांचा समुद्र, म्हणतात. ते नाव ऐकताच डोळ्यांपुढे चित्र उभे राहते आणि मायामीचा चाहताही ते विनातक्रार उच्चारू शकतो. मला या झेलासाठी असे नाव हवे आहे.

उत्तर ४: स्कोअरबुक

साध्या नावाची अडचण अशी की साधी नावे लवकर संपतात. ‘द कॅच’ हे नाव जानेवारी १९८२ मध्ये ड्वाइट क्लार्कने डॅलसविरुद्ध घेतलेल्या झेलाने कायमचे पटकावले. ‘फ्रँकोचा झेल’ म्हटले तर हॅरिसने कारकिर्दीत तीनशेहून अधिक पास झेलले. त्यांतला कोणता, हे पुन्हा सांगत बसावे लागेल.

नावाच्या दोन भागांचा वेगवेगळा विचार केला तर वाद पुष्कळ आटोपशीर होतो. ‘रिसेप्शन’बद्दल तक्रारीला जागाच नाही, कारण अधिकृत नोंदीत ती ब्रॅडशॉकडून हॅरिसला ६० यार्डांचा पास अशीच आहे. राहिले विशेषण. कार्नेगी मेलन विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी २००४ मध्ये फुका आणि टेटम यांच्या धावण्याच्या दिशा आणि चेंडूची उसळी तपासून, तो टेटमलाच लागून मागे आला असा निष्कर्ष काढला. फुका मैदान ओलांडत पुढे चालला होता आणि टेटम समोरून चाल करून येत होता; इतक्या जोराने चेंडू उलट फिरायचा तर तो टेटमवरूनच उसळायला हवा, हा तर्क मला सबळ वाटतो. दोन स्पर्शांचा तो नियमही १९७८ मध्ये रद्द झाला, त्यामुळे आज तीच खेळी झाली तर फुका की टेटम हा प्रश्न पंचांपुढे येणारच नाही. हॅरिसच्या हाती येण्याआधी चेंडू गवताला टेकला की नाही, एवढीच एक शंका उरते, आणि तिच्यासाठी पन्नास वर्षांचे नाव मोडीत काढावे असे मला वाटत नाही.