प्रति: जँगो चालतंय, पण एनजिनएक्स ५०२ दाखवतंय

प्रश्न असा: जँगोत (पायथनची वेब-चौकट) बनवलेलं ॲप चालतंय, पण त्याच्यापुढचा वेब सर्व्हर एनजिनएक्स ५०२ ही चूक दाखवतोय, म्हणजे त्याला मागच्या प्रोग्रामकडून नीट उत्तर मिळत नाही. त्यावर एकानं सुचवलंय, की ५०२ आला की गनिकॉर्न (जँगो ॲप चालवणारी सर्व्हिस) रीस्टार्ट करा. सर्व्हिस खरोखर बंद पडली असेल तरच ते लागू पडेल. आधी एनजिनएक्सचा एरर लॉग उघडा. तिथे 'परमिशन डिनाइड' (परवानगी नाकारली) दिसलं तर कितीही वेळा रीस्टार्ट करा, फरक पडणार नाही.

मागच्या हंगामात पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं जँगो ॲप उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४ वर चढवताना माझी अख्खी रात्र यातच गेली. तीच सेटिंग २०.०४ च्या जुन्या सर्व्हरवर बिनबोभाट चालत होती! २१.०४ पासून उबुंटूत नव्या युजरचं होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० परवानगीनं बनतं, म्हणजे इतर युजरना त्यात शिरता येत नाही. सॉकेट (एनजिनएक्स आणि गनिकॉर्न जिच्यातून बोलतात ती फाइल) होममध्ये असेल तर एनजिनएक्सचा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' युजर तिथवर पोचतच नाही. स्टॅटिक फाइलींना (चित्रं, सीएसएस वगैरे) ४०३ म्हणजे 'प्रवेश नाही' येतो तोही बहुतेकदा त्यामुळेच. कृपा करून होमवर चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) मारू नका. मग एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) तुमची लॉगिनची किल्लीच नाकारतं आणि तुम्ही सर्व्हरच्या बाहेर. प्रोजेक्ट होमबाहेरच्या 'एसआरव्ही' फोल्डरखाली हलवा, सॉकेट 'रन' फोल्डरखाली ठेवा. सकाळी सहाला मी तेच केलं, आणि बागेतून पहिली नोंद आली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.